आवाज काबरं नको?

...नाही, मोटर घ्या, चांगली घ्या, पण आवाज काबरं नको? असं आमचे सुकलाल आबा मला विचारत होते, माझ्या बायकोला विचारत होते, दूधवाल्याला विचारत होते, आणि कोणीच नसलं तर वरच्या पंख्याला विचारत होते. तुम्हाला सांगतो, बमरोलीत त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी सोय नाही. काबरं म्हणजे का बरं, आम्हा खानदेशवाल्यांचं घरातलं बोलणं. सकाळी चहाच्या वेळी, काबरं. दुपारी जेवताना, काबरं. काबरं नको आवाज?

आता आबा म्हणजे काय माणूस, ते आधी ऐका. उभा जन्म पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड तपासायच्या टेबलावर गेला. समोरून ठाण सरकतंय, आबांची मान खाली, एक धागा सुटलेला दिसला की बोट पडलंच त्यावर! रिटायर झाले, टेबल सुटलं, पण नजर सुटते का? भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तर आबा ती जुडी उलटीपालटी करून बघणार. डॉक्टर म्हणाला, काका, तब्येत एकदम फर्स्टक्लास, तर बाहेर येऊन मला म्हणतात, "काहीतरी लपवतोय."

अशा माणसाने भागीदारीत होडी घ्यावी का? घेतली! आणि कोणाबरोबर? व्याह्याबरोबर! लेकीच्या, योगिताच्या, सासऱ्याबरोबर! बळीराम नाना. नाना लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, कारागीर होते, आता तेही घरीच. दोघंही लहानपणी गावाकडे तापीत गळ टाकून बसणारे, आणि तीच तापी इथे येऊन समुद्राला मिळते, मग काय, लग्नाच्या मांडवातच दोघांचं जमलं. हजीऱ्याच्या बाजूला खाडीत एक छोटी फायबरची होडी घेतली, मागे जुनं पेट्रोलचं मशीन. फटफटफटफट... निघाले की अख्ख्या खाडीला कळायचं, व्याही आले.

आणि एक दिवस नाना म्हणतात, मोठ्यानेच म्हणतात, खात्यात काम केलेली माणसं मोठ्यानेच बोलतात हो, "आबा! आपण बिनआवाजाची मोटर घेऊ! बॅटरीवरची! ट्रोलिंग मोटर म्हणतात! मासा बिचकत नाही! जिताडा पार होडीजवळ येतो!"

आबांनी मान हलवली. मुलीचा बाप, दुसरं काय करणार? पण घरी आले आणि सुरू. "पेट्रोलचं मशीन लावलं की काठावरच्या माणसांना कळतं होडी निघाली. बिनआवाजाची लावली की कोणाला कळणार? होडी दोघांची आणि जाणार एकटा! आणि जिताडा? तो कोणाच्या कढईत जाणार?"

त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, तांदूळ निवडता निवडता विचारलं, "तुमनं डोकं फिरी गयं का?"

"माझं नाही फिरलं! जो माणूस स्वतः एवढ्या मोठ्याने बोलतो त्याला आवाज काबरं नको?"

आता यावर उत्तर आहे का तुमच्याकडे? धुरपदाबाई सूप उचलून आत गेल्या.

मग दोघं व्याही अडाजणला मोटरीच्या दुकानात. मी पण गेलो, रिक्षात जागा होती म्हणून. शेठ हसतमुख, म्हणजे आबांच्या मते तिथेच पाणी मुरत होतं. "काका, जुओ ने, आ काळी मीठा पाणी माटे, ने आ सफेद खारा पाणी माटे." म्हणजे काळी गोड्या पाण्यासाठी, पांढरी खाऱ्या. दोन्ही मोटरी जुळ्या बहिणी, पण पांढरीची किंमत चढी. आबांनी पांढरीवर नख घासून बघितलं.

"रंगाचे पैसे?"

शेठ म्हणाला, नाही काका, आतलं सील वेगळं, स्क्रू गंजत नाहीत, आणि हा बघा पंख्याजवळ जस्ताचा तुकडा, खारं पाणी आधी याला खातं, म्हणून मोटर वाचते, हा झिजला की नवा लावायचा.

"म्हणजे," आबा म्हणाले, "झिजणारी वस्तू तुम्ही आधीच बसवून विकता? आणि वर तोंडाने सांगता पण?"

शेठचं हसू गेलं. त्या तुकड्याकडे असं कोणी बघितलंच नसणार!

मग ताकद निघाली. बारा व्होल्टची पंचावन्न पौंड, चोवीस व्होल्टची ऐंशी पौंड. "पौंडात काबरं? आम्ही बटाटे किलोत घेतो, कापड मीटरात, मग मोटर पौंडात काबरं?" मग दांडा. आखूड दांड्याचा पंखा लाटेवर पाण्याबाहेर येतो आणि नुसता हवेत फिरतो, म्हणून समुद्राकडे लांब दांडा पाहिजे. "लांबाचे पैसे जास्त आहेत ना? मग तुम्ही लांबच म्हणणार!" शेवटी शेठने ते भारीतलं काढलं, रिमोटवालं... बटण दाबलं की मोटर उपग्रहाला विचारून होडी एका जागी उभी ठेवते, नांगर टाकायला नको. नानांचे डोळे असे चमकले! आबांनी एवढंच विचारलं, "रिमोट किती येतात?"

"एकच, काका."

झालं! रिमोट एक आणि व्याही दोन! आणि नाना काय विचारतात? पैसे नाही, गॅरंटी नाही... "शेठ! पण याचा आवाज अजिबात नाही ना?"

रिक्षात आबा माझ्या कानाशी लागले. "ऐकलंस? काबरं नको आवाज?"

बरं, इथे तरी थांबावं? नाही! होडी जिथे बांधतात तिथे हिलाल म्हणून एक माणूस राखणीला, आपल्याच धुळ्याकडचा. आबांचा त्याला फोन. "नाना एकटे येतात का रे कधी?" हिलाल म्हणाला, "येतात ना. पण होडी सोडत नाहीत. बांधलेल्या होडीत डोळे मिटून बसतात आणि घरी जातात."

आता बोला! बांधलेल्या होडीत कोण बसतं? आबांची झोप उडाली. कोणाची वाट बघतो? कोणाशी ठरवलंय? होडी विकायला काढली का? आबांनी धुरपदाबाईंना सांगितलं, धुरपदाबाईंनी फोनवर योगिताला सहज म्हणून विचारलं, योगिताने सासूला सहज म्हणून विचारलं... आणि सहज म्हणून विचारलेली गोष्ट व्याह्यांच्या घरात कशी फुटते, ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

योगिता आली. चपलाही काढल्या नाहीत, दारातच उभी. "आबा, माझ्या सासऱ्यांच्या मागे माणूस लावला तुम्ही? सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, स्वयंपाकघरात आम्ही दोघी मुक्यासारख्या वावरतो. नाना जेवणावरून उठले काल. होडीचं तुमचं काय ते बघा, पण मला त्या घरात राहायचंय."

आणि गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही. आमच्या भिंतीतून पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मला तर खरं सांगतो, त्या शांततेची भीती वाटली.

सकाळी आबा नानांच्या दारात. माफी मागायची, की जाब विचारायचा? त्यांनाच ठाऊक नव्हतं. नाना म्हणाले, "चला, होडीवर बोलू." निघाले. फटफटफटफट... नाना काहीतरी बोलले, आबा ओरडले, "काय?" नाना ओरडले, "काय?" दोन व्याही भर खाडीत एकमेकांना काय काय म्हणून ओरडतायत! मग नानांनी हात मागे नेला आणि मशीन बंद केलं.

फायबरला पाणी लागत होतं, चुबुक चुबुक, तेवढंच. आणि नाना पहिल्यांदा हळू बोलले.

"आबा, माझ्या कानात लूम चालू आहेत."

"काय?"

"खातं सुटलं, पण लूम बंद होत नाहीत. दिवसभर ठकाठक. उशीवर डोकं टेकलं की जास्तच. डॉक्टर म्हणतो, हे आता असंच राहणार. फक्त पाण्याचा आवाज असला की ते मागे पडतात, म्हणून येऊन बसतो. पण हे मशीन सुरू केलं की परत खात्यात उभा."

"मग सांगायचं नाही का, नाना?"

"मुलीच्या बापाला? माझ्या कानात आवाज येतात म्हणून? तुम्ही म्हणाला असता, पोरगी वेड्याच्या घरात दिली."

आबा? म्हणालेच असते! हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, खाली मान घालून. नानांचा हात धरला, म्हणाले, "चुकलो." बस, एवढंच.

आणि एवढ्यात ओहोटी लागली. आपल्या खाडीची ओहोटी माहीत आहे ना? पाणी चालत नाही, पळतं! होडी निघाली समुद्राकडे. आबा मशीनची दोरी ओढतायत, मशीन ढिम्म. परत ओढतायत, घामाघूम. "नाना, वाहून चाललो!" नाना डोळे मिटून म्हणतात, "हो... पण किती शांत वाटतंय." एका मच्छीमाराने दोर टाकून ओढून आणलं म्हणून वाचले, नाहीतर मी कोणाची गोष्ट सांगत असतो?

दुसऱ्या दिवशी आबा एकटे दुकानात. खाऱ्या पाण्याची पांढरी, चोवीस व्होल्टची, लांब दांड्याची, रिमोटवाली. जस्ताचा तुकडा एक जास्तीचा, तोही उजेडात धरून तपासून. शेठने बजावलं, काका, ओहोटीशी भांडायचं या मोटरीचं काम नाही, पेट्रोलचं मशीन दुरुस्त करून मागे ठेवाच. तेही केलं. रिमोट आबांनी स्वतःच्या हाताने नानांच्या खिशात घातला. योगिताची सासू डब्यात मुगाचे लाडू घेऊन आली, म्हणजे तिकडचंही मिटलं.

आणि मग दोघं निघाले. काय मोटर हो! पाण्यावर साय सरकावी तशी होडी. आवाज नाही, काही नाही. नानांचा चेहरा सैल पडला, खांदे उतरले, आणि जरा वेळात... नाना झोपले. किती वर्षांची झोप ती! आबांनी गळ हळूच पाण्यात सोडला.

आणि मग नाना घोरायला लागले.

तुम्हाला सांगतो, पेट्रोलचं मशीन परवडलं! काठावरचे बगळे उडाले. जिताडा तर सोडाच, चिखलातले लेवटे मासेसुद्धा बिळात गेले. आबा गळ धरून बसलेले, आणि मुलीच्या सासऱ्याला ढोसून उठवायचं कसं? उन्हं चढेपर्यंत तसेच बसले. शेवटी नानांच्या खिशातून हळूच रिमोट काढून होडी काठाला लावली, तेव्हा नाना उठले, ताजेतवाने, रिकाम्या टोपलीत डोकावले, आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"आबा! एक पण नाही लागला? मोटर थोडा आवाज करत असणार! याच्याहून शांत मिळते का, बघायची?"

आणि आबा, मुलीचा बाप, म्हणाले, "बघू या ना, नाना."