कोरडा शिधा

मी मूळची उंद्रीची, चिखलीच्या अल्याड एका खेड्यात देली. काय सांगू तुमाले, लगनात इतकी लहान होती का सासूनं कडेवर घेऊन घर दाखवलं. पुढं पटकीची साथ आली, माहं लेकरू गेलं, मीही गेल्यातच जमा होती, घरचे जवळ येईनात, अन् मिशनच्या दवाखान्यातली मडम आपल्या हातानं माही घाण काढे. मडमबाई, तुमाले किळस काऊन येत नाही म्हणलं, तं म्हणे माह्या प्रभूनं लोकाइचे पाय धुतले, मी कोण मोठी. तिथंच माहं मन गेलं, मी बाप्तिस्मा घेतला.

मंग काय, जातपंचायत बसली. बाटली म्हणले. घरधन्यानं मले उंबऱ्यातूनच माघारी लावलं अन् दुसरी केली. सासू म्हणे, सुंठीवाचून खोकला गेला. मी दवाखान्यातच राह्यली, पट्ट्या धुवाले. राग नव्हता काय? होता ना बाप्पा! सवतीच्या नावानं बोटं मोडो अन् रविवारी मिशनच्या देवळात क्षमेचं गाणं म्हणो.

पुढं घरधन्याले रगतपिती झाली, महारोग. सवत माहेरी पळाली, भावाइनं गावाबाहेर काढलं. मी गाडी घेऊन गेली, म्हणलं चला दवाखान्यात. आले, पण म्हणे तुह्या हातचं खाणार नाही, मरताना जात तरी राहू दे. आमच्याकडं कोरडा शिधा कोणाचाही चालते, शिजवलं का बाटते. म्हणून मी जवारीचं पीठ अन् मीठ त्याइच्या छपरीत ठेवो अन् मांगं सरो. ते आपल्या हातानं भाकर थापत. त्या रोगात बोटाले चटका समजत नाही हो. बोटं तव्यावर करपत, त्याइले पत्ता नाही, मलेच वास ये. जखमा मी धुतलेल्या चालत, भाकर चालेना! मडम म्हणे जबरीनं चार. मी म्हणलं, सारं गेलेल्या माणसाजवळ एवढंच राह्यलं, तेही मी हिसकू काय?

मंग हात उचलेचनात. उपाशी पडून राह्यले. शेवटी म्हणे, आण. मी भाकर ताकात कुस्करली, घास देला. ते खाऊन राह्यले अन् लेकरावाणी रडून राह्यले. मले वाटलं सुखाचं रडू असंन. तं म्हणे, भाऊ गेले, जात गेली, आता मी कोणाचा राह्यलो? काळीज फाटलं माहं. म्हणलं, माहे. लगन लागलं तव्हापासून माहेच.

त्याच हप्त्यात गेले. जातवाल्याइनं खांदा देला नाही, बाप्तिस्मा नाही म्हणून मिशनवाल्याइनं जागा देली नाही. शेजारचे पिंजारी चाचा आले, त्याइनं अन् मी बोरीखाली खड्डा खणला.

आता गोऱ्याइच्या लढाईपायी रॉकेल भेटत नाही, सांजीलेच दिवा मालवून मी पडते अन् रडते. लोक म्हणतात बाई, जलम जाळला. जळलाच, खोटं काऊन बोलू? पण तो घास देताना जे सुख भेटलं ते अजून आटलं नाही. देव तुमालेही असं कोणी देवो बाप्पा, ज्याच्यासाठी रडाले सुख वाटंन.