मावशीला विचारायचे प्रश्न

बायकोला आत नेल्यापासून शिंपीकाका तिचा चष्मा हातात धरून आयसीयूच्या दाराशी उभे होते. शेजारच्या बाकावर एक जुन्या नर्सबाई चहा पीत होत्या. नर्सिंगला जावं की नाही हे ठरवायला आलेली त्यांची भाची वही उघडून बसली होती.

"मावशी, या कामात सगळ्यात अवघड काय?"

"उभं राहणं. पायांचे तुकडे पडतात."

"थट्टा नको गं."

"थट्टा कसली! बरं, लिही. माणूस गेल्याचं घरच्यांना सांगणं."

"ते तर डॉक्टर सांगतात ना?"

"डॉक्टर मागून येतात. आधी आम्हाला पाठवतात."

"मग तू काय बोलतेस?"

"आधी विचारायचं, सोबत घरचं कोणी आहे का. मग बसवायचं. उभ्या माणसाला सांगू नये, कोसळतो."

"पण तेवढ्यावरून त्यांना कळत असेल की!"

"छे गं. ज्याने हे आधी ऐकलंय, त्यालाच कळतं."

दार उघडून एक तरुण नर्स बाहेर आली.

"काका, तुमच्यासोबत घरचं कोणी आलंय का?"

भाचीचं पेन थांबलं. मावशी बाकावर जरा सरकल्या.

शिंपीकाकांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, तो खिशात ठेवला, आणि कोणी न सांगताच ते खाली बसले.