लाकडाचा बांड्या

नाई नाई, तिथं नको ठेवू, ओला हाय तो कोपरा — फुलाईवर पानी शिंपडलं आताच. इकडं ठेव, खाटेवर. हां. अन् बस. उभ्या उभ्या काय बोलतं, कुलदीप? मोठा झाल्यावर पयल्यांदाच आला तू आत्याच्या घरी, मंग बस जरा. मी हार ओवत राहीन बरं, तू वाईट नको वाटून घेऊ — परवा पोळा हाय, अर्ध्या अकोल्यानं बैलाईचे हार सांगून ठेवले मले, अन् झेंडू काय कोनासाठी थांबत नाई. "ओळख पाहू आत्या, काय आनलं" म्हंतं! अरे बाप्पा, पोत्यातून एक शिंग निघालं तवाच ओळखलं मी. त्यात काय ओळखाचं? बांड्या हाय तो. माहा बांड्या.

पन हे काय करून टाकलं रे त्याचं? ऑईल पेंट मारला? शिंगाईले सोनेरी, खुराईले काळा, अन् कपाळावर हे चमकीचं काय चिटकवलं? दुकानातल्यावानी करून ठेवला पार. तुले वाटलं आत्या खुश होईन? होईन ना, काहून नाई होनार. बाबानं त्याले अर्ध्या अंगाले गेरू अन् अर्ध्याले चुना देल्ला होता, म्हनून त तो बांड्या — आमच्या घरच्या जोडीत तसाच एक बैल होता, तांबडापांढरा. आता तुह्या पेंटाखाली गेलं ते सगळं. जाऊ दे. चाय ठेवली हाय, पेशीन ना? बिनासाखरेची? बरं.

तुले माहीत हाय का हा कोनी केला अन् काहून केला? नसन माहीत. तुमच्या घरी कोन सांगते असं काही. तवा तुहा बाप जन्मालेच आला नोता. मी एकटी घरात. अन् तान्ह्या पोळ्याले गावातले सगळे पोट्टे आपापले लाकडाचे बैल सजवून दारोदार बोजारा मागत फिरत — कोनी पैसे टाके, कोनी करंजी दे — अन् आमच्या घरातून बैलच निघे नाई. बैल पोराचा असते ना! पोरगं नाई त बैल कायले? आजी दरसाल त्या दिवशी दारात बसून रडे, माह्या मायले ऐकू जाईन असं रडे. मंग एका साली बाबानं जुन्या खिडकीची सागाची चौकट काढली, सुताराच्या घरून हत्यारं आनली, अन् श्रावनभर संध्याकाळचा बसून हा कोरला. लोकाईनं इचारलं, भगवंता, कोनासाठी बा? माह्या माणिकसाठी म्हंला. हसले ना लोक. हसू दे म्हंला. कासरा माह्या हातात देल्ला अन् सोता मांगं मांगं चालत राहिला आख्ख्या गावात. एका बुढीनं तोंडावर दार लावलं आमच्या, पोट्टी बैल घेऊन आली म्हनून. बाबा म्हंला, चाल, पुढलं घर हाय.

तान्हा पोळा त एका दिवसाचा. खेळ सालभराचा. आमच्या वावरातल्या विहिरीच्या मांगं पानी सांडून सांडून जमीन भुसभुशीत राहे, तिथं माह्यं वावर होतं. हसू नको, वावरच होतं ते, खडे रचून धुरा, बांध, घातला होता मी त्याले. बांड्याले मायचा तुटका कंगवा बांधो, तो वखर. त्याच्यासंगं बोलो, त्याले रागावो, तास सोडू नको म्हनो, दुपारी त्याले सोडून सावलीत बांधो अन् सोताही बसो पाय पसरून — थकली ना मी, वखरून! एकदा चिमूटभर मेथी पेरली. उगवली बाप्पा, खरोखरची उगवली. बाबानं जेवताना ती खुडून आनली, भाकरीसंगं कच्चीच खाल्ली, अन् मायले म्हंला, माणिकच्या वावरातली हाय. तुमी लोक पोराईले मोबाइल देता अन् म्हंता, जा, खेळ. त्याले खेळ म्हंतेत का? मी त्या वीतभर जागेत शेतकरीन होती, कोनाले इचारून नाई, कोनाच्या हाताखाली नाई. मंग आख्खी जिंदगी गेली, कोनी मले म्हंलं नाई का हे तुह्यं हाय म्हनून. नवऱ्याचं घर नवऱ्याचं, दुकान सासऱ्याच्या नावाचं. हे फुलं बी शेरावर इकत आनलेले.

मंग झाला तुहा बाप. आजी उठून नाचली. मलेही खुशी झाली, खोटं काहून बोलू, भाऊ पाह्यजेच होता मले. त्या साली तान्हा पोळा आला तवा तो कडेवरचा, धड बसता येत नोतं त्याले. मायनं त्याले घेतलं, अन् कासरा — कासरा त्याच्या मनगटाले बांधला. मी म्हंलं, माय, बांड्या माहा हाय. माय म्हंली, तुहाच हाय व, तू मांगून लोट. चिखल रस्त्यात, चाकं फिरत नोते, मी वाकून वाकून लोटत राहिली घरोघर, अन् पैसे जाये त्याच्या मुठीत, तोंडात घालते म्हनून माय काढून घे. मारोतीच्या देवळापुढं सजलेल्या बैलाचं बक्षीस लागलं आमच्या बांड्याले. सजवला कोनी? मी. नाव कोनाचं पुकारलं? रामराव भगवंत. अन् बाबा उभा होता तिथंच, टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. आजीचा राग गेला माह्या मनातून, मायचाही गेला, बुढ्या झाल्या, मरून गेल्या. बाबाचा नाई गेला. हे मी आजवर कोनालेच सांगतलं नाई, तुले काहून सांगून राहिली कोन जाने.

अन् गंमत पाय, तुहा बाप कदी खेळलाच नाई त्याच्यासंगं. पोळ्याच्या दिवशी काढे, दुसऱ्या दिवशी माळ्यावर. मी म्हनो, दे ना रे रामू, मी खेळतो. त म्हने, तोडून टाकशीन. मी तोडीन! त्याले खेळाचं काय काम होतं? त्याले खरं वावर भेटनारच होतं, खरे बैल भेटनारच होते. ज्याले खरं भेटत नाई त्यालेच लाकडाचं लागते.

थांब, चाय उतू जाईन. हं, घे. गरम हाय.

लग्नाचं सांगतो तुले, हे ऐक. मी रुखवतात लपवून ठेवला होता बांड्याले. खरंच! लाडू-चिवड्याच्या पराती, विणलेले रुमाल, त्याच्या मांगं उभा करून ठेवला, म्हंलं सामानासंगं टेम्पोत चढन अन् जाईन माह्यासंगं. टेम्पोत चढलाही होता. मायनं पाह्यलं. सगळ्या वरातीपुढं काढून घेतला खाली — वंशाचा बैल घराबाहेर जात नाई म्हंली. माह्या सासरचे हसून हसून लोटपोट, नवरी बैल घेऊन चालली म्हनून, अन् मरेपर्यंत सासू त्याच्यावरून बोले मले. तुहा बाप तिथंच उभा, मिसरूड फुटलेला पोरगा. नेऊ दे म्हनाले काय जात होतं त्याचं? त्या दिवशी मी ठरवून टाकलं का भाऊ मेला माह्यासाठी. बोलाचालाले बोलली मी, राखी बांधली, भाऊबीजेले ओवाळलं, पन आतून नाई.

बरं, मले एक सांग. तुह्याकडं गेल्या साली तान्ह्या पोळ्याले याचा कासरा कोनी धरला? शिवमनं, तुह्या पोरानं. होय ना. अन् रागिणी? ती त मोठी हाय शिवमहून. काय केलं तिनं — ताट धरलं? तिले आवडते ताट धराले, असं म्हंतं तू. इचारलं तू तिले? नाई, मी फक्त इचारून राहिली, तू चाय पे.

अन् ते पिशवीतलं काढ आता. मले माहीत हाय कागद हाय त्याच्यात. हक्कसोडाचाच हाय ना? असं चमकतं काहून? फक्त सईचं काम हाय, फॉर्म्यालिटी हाय — आतापर्यंत तेच त घोळून राहिलं तुह्या तोंडात. उद्या रजिस्ट्रीच्या आपिसात यायचं, गाडीत बसवून नेतो, गाडीत आनून सोडतो. बाबाच्या मांगून वारस म्हनून माह्यं नाव लागलं सातबाऱ्यावर, ते आता खटकून राहिलं. मले समजत नाई असं वाटते का तुमाले? तुमच्या गावचा देवीदास फुलं घेऊन येते इथल्या बजारात, त्यानं सांगतलं मले, तिथं लेआऊट पाडून राहिले, चुन्याचे पट्टेही मारून झाले म्हने. विहीर बुजवनार म्हने. त्यानं सांगतलं बरं, तू नाई. अन् पाय, तरी मी राग नाई मानला. मी कौंडण्यपूरच्या यात्रेले जातो ना दरसाल, तुमच्या थांब्यावर उतरत नाई, कोन बोलावते — पन एसटीत खिडकीशी बसतो, वावर दिसते तिकून. तेवढंच. मी मनाशी म्हंलं होतं, जाऊ दे, पोराईले कामी येते त येऊ दे, कुलदीपनं येऊन म्हंलं, आत्या, सई दे, त देऊन टाकू. शपथ घेऊन सांगतो. काल रात्रीच जाऊबाईले म्हंलं मी हे, इचार तिले. तू रिकाम्या हातानं आला असता त उद्या मी तुह्या गाडीत बसली असती.

पन तू बैल घेऊन आला. तुले कोनी सांगतलं का हा आत्याचा म्हनून? मी त कदी बोलली नाई तुह्यापाशी. तुह्या आईले माहीत नाई. कोनी सांगतलं? बाबानं? तुह्या बाबानं? काय म्हंला रामू? नीट सांग, खाली नको पाहू. "माणिकचा बैल हाय, तिले नेऊन दे" — असं म्हंला? कवा? दवाखान्यात? होश होता त्याले तवा? अन् तू काय म्हंला, हो म्हंला? त्यानं हातात हात घेऊन म्हंलं असन ना, तो तसाच होता, बोलताना हात धरे.

माघात गेला रामू. मी आलती तेरवीले. दिवसभर बसली होती तुमच्या ओसरीत, तुह्या समोर, तू मले साडी नेसवली, पाया पडला, आत्या तूच आता आमची मोठी म्हंला. बैल तवा कुठं होता? माळ्यावर. माह्या डोक्यावरच होता म्हन ना! अन् तू बोलला नाई. राखी गेली मधात, आख्खा श्रावन सरत आला, तू बोलला नाई. अन् आता सईचं काम निघालं तसा पेंट मारून आनला. इसरलो म्हंतं? नाई रे राज्या, इसरला नाई तू. इसरला असता त मी माफ केलं असतं. तू ठेवून देल्ला होता, लागन कामाले म्हनून.

तुले माहीत हाय मी काय करत होती इथं? रामूचं नाव निघालं का तोंड फिरवत होती. पित्राईत त्याच्या नावानं घास नाई काढाचा, असं ठरवून बसली होती. मेलेल्या भावाले शिव्या देल्ल्या मी रोज, सकाळी फुलं निवडताना, का मरतानाही याले बहीन आठवली नाई म्हनून. आठवली होती ना रे त्याले! सांगतलं होतं त्यानं! तुह्यापाशी सांगतलं होतं.

हात लावू नको त्याले. बैलाले हात लावू नको म्हंलं ना! तो तू नाई आनला, तो माह्या भावानं धाडला हाय, तो इथंच राहीन. कागद घे तुहा. सई नाई भेटत. तुह्या लेआऊटवाल्याले सांग, अर्ध्या वावराची मालकीन जित्ती हाय अन् ती मोजनीले येऊन राहिली, सोता, एसटीनं. नाई, पाया नको पडू. चपला घाल. जाय.