पहिल्या पाळीला तिप्पट

...आणि वर कुलूप. म्हणजे नुसतं दार ओढून घेतलं असतं तर मी समजू शकलो असतो, घाईत होते, बोलण्याच्या नादात होते... पण नाही, कुलूप. तेही दाबलं की खटकन लागणारं. आणि किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. ही काय, खिशात. कुलूप दाराच्या त्या बाजूला, किल्ली या बाजूला, आणि किल्लीच्या बाजूला मी. तुम्हाला सांगतो, माणसाने माणसाला विसरावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण आत कोंडून विसरावं? मला एवढंच कळत नाही, लक्ष कसं जात नाही हो कोणाचं?

तुम्हाला म्हणजे तुम्हालाच, आहे कोण दुसरं इथे. तुम्ही तीन रिकाम्या खुर्च्या आणि टेबलावरचा हा प्लास्टरचा राक्षस. राक्षसा, तू तर हसूच नकोस. तुझ्या तोंडातले ते बत्तीस दात कोणी बसवले? मीच ना? कवळ्या बनवतो मी. दातांच्या दवाखान्यांना पुरवतो. तळघरात एक खोली आहे माझी, प्लास्टर, मेण, गुलाबी हिरड्या... अर्ध्या शहराचे जबडे या हातांखालून गेले आणि एकाचाही चेहरा मला ठाऊक नाही. खोक्यातून ठसा येतो, खोक्यातून कवळी जाते, मधेच डॉक्टरांचा फोन, 'डावीकडे जरा टोचतंय म्हणतायत', मी म्हणतो, 'पाठवून द्या, घासून देतो', झालं, आठवडाभराचं बोलणं संपलं. आई होती तोवर घरी गेल्यावर 'आलास का रे' एवढं तरी कानावर पडायचं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मग एक दिवस या वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी पाहिली, 'दर शनिवारी पाच वाजता, मागच्या खोलीत, फाशांचा आणि गोष्टीचा खेळ, कोणीही यावं.' म्हटलं, कोणीही म्हणजे त्यात आपणही आलो.

खेळ साधा आहे. भूगोलाच्या बाई गोष्ट सांगतात, शाळेत शिकवतात त्या, त्यामुळे त्यांच्या गोष्टीत लढाया कमी आणि पठारं जास्त. आपण त्या गोष्टीतलं एकेक माणूस. बाई म्हणणार, 'समोर गुहा आहे, काय करता?' आपण सांगायचं काय करतो ते, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. कोपऱ्यावरचा औषधवाला आमचा योद्धा, दिवसभर खोकल्याची बाटली हळू आवाजात विकतो आणि शनिवारी इथे येऊन गर्जना करतो. एक वकील मुलगी आहे, ती जादूगारीण, पण जादूपेक्षा नियमांचं पुस्तक जास्त उघडते. आणि मी चोर. चोरच का? तर पान एकसष्ट. चोराच्या अंगचा गुण दिलाय तिथे, 'लढाईच्या पहिल्या पाळीत, ज्या शत्रूचं चोराकडे लक्ष गेलेलं नाही, त्याच्यावर घाव घातल्यास इजा तिप्पट.' मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, ज्याचा आपल्याला पन्नास वर्षांचा सराव आहे त्याचे इथे तिप्पट मिळतात, मग दुसरं काही व्हायचंच कशाला?

तर दोन शनिवारांपूर्वीची गोष्ट. गुहेच्या तोंडाशी हा राक्षस उभा. औषधवाला नेहमीप्रमाणे 'कोण आहे रे तिकडे' करत घुसला, वकील दिवा घेऊन त्याच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्या चोराच्या अंगात तेव्हा जीव किती? दोन गुण. राक्षस नुसता शिंकला तरी चोर आडवा झाला असता. म्हणजे तिप्पट लागला तर राक्षस मेला, नाही लागला तर मी मेलो. आता तुम्ही म्हणाल, मेलात तर मेलात, खेळच आहे. तसं नाही ना. आमच्याकडे नियम आहे, ज्याचं पात्र मेलं त्याने नवी गोष्ट सुरू होईपर्यंत यायचं नाही. नवी गोष्ट म्हणजे दहा शनिवार. दहा. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी करायचं काय, हे तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मला माहीत नाही.

आणि हा नियम कोणी केला? मी केला. हसू नकोस म्हटलं ना राक्षसा. आधी एक निवृत्त बँकवाले यायचे, त्यांचं पात्र मेलं तरी ते हलेनात, मागे उभं राहून सगळ्यांना शिकवायचे, 'फासा असा नाही, मनगटातून टाका.' मीच म्हटलं, मेलेल्याने घरी बसावं. एकमताने मंजूर. उभ्या आयुष्यात मी मांडलेली आणि मंजूर झालेली ती एकच सूचना.

तर मी फासा उचलला, म्हटलं, 'पहिली पाळी, लक्ष गेलेलं नाही, तिप्पट.' लगेच वकील, 'हरकत आहे काका. योद्धा ओरडत आत आला, राक्षसाने वळून पाहिलं, गुहेचं तोंड एकच, त्यात आम्ही तिघेही उभे. लक्ष गेलं.' मी म्हटलं, त्याचं लक्ष ओरडणाऱ्याकडे गेलं, दिवेवालीकडे गेलं, माझ्याकडे कशाला जाईल? 'काका, समोर तीन माणसं उभी असली तर तीनच दिसणार ना?' औषधवाला म्हणतो, 'बरोबर आहे तिचं, दिसणारच की.' बाई आपल्या चष्मा पुसतायत. बाईंना निकाल द्यायचा असला की त्या चष्मा पुसतात.

तेव्हा माझं डोकं सरकलं. मी म्हटलं, ठीक आहे, मग मला एवढंच सांगा, आज मी इथे किती वाजता आलो? एकमेकांकडे बघायला लागले. औषधवाला म्हणतो, 'आत्ताच की, आमच्याबरोबरच.' म्हटलं नाही, मी आलो चार वीसला. ही खोली उघडली कोणी? खुर्च्या मांडल्या कोणी, पाण्याचा तांब्या भरला कोणी? दर शनिवारी काय आपोआप भरतो तो? पाच वाजता तुम्ही तिघं आलात, मी या इथे, कपाटाला लागून बसलेलो, आणि बाई, तुम्ही काय म्हणालात? 'कवळीवाले आलेले दिसत नाहीत अजून.' वकील म्हणाली, 'सुरू करूया का?' आणि औषधवाले, तुम्ही तुमचं जॅकेट माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलंत, मी त्या खुर्चीत असताना. त्या राक्षसाने तर मला एकदाच पाहिलंय, अंधारात. तुम्ही सव्वा वर्षं पाहताय, उजेडात. आता सांगा, लक्ष कोणाचं गेलं होतं?

वकील मुलीने पुस्तक मिटलं. औषधवाला उठला, माझ्या मागून आपलं जॅकेट काढून घेतलं, अगदी सावकाश. बाईंनी चष्मा घातला, म्हणाल्या, 'तिप्पट.' वहीत लिहूनही घेतलं त्यांनी. मी फासा टाकला, सतरा आले, राक्षस पडला... आणि तुम्हाला सांगतो, खटला जिंकल्यावर इतकं वाईट कोणाला वाटलं नसेल. सगळे पुरावे माझ्याच विरुद्ध होते ना, आणि ते मीच दिले होते.

मग गेला शनिवार. मी चार वीसला जिना चढतोय तर वरती तिघंही हजर, खोलीही पहारेकऱ्याकडून उघडून घेतलेली. माझ्या आधी. बाई म्हणाल्या, 'या या, वाटच बघत होतो.' वकील मुलीने खुर्ची पुढे केली. औषधवाला म्हणतो, 'काय, कशी चाललीये दातांची दुनिया?' मी सांगायला लागलो, मेण कसं ओततात, दाताची छटा कशी जुळवतात, आणि राक्षसाचे दात उरल्यासुरल्या कवळ्यांचे आहेत म्हटल्यावर वकील चक्क खाली वाकून बघायला लागली, 'हा तुम्ही केलाय काका?' सव्वा वर्षात पहिल्यांदा कोणी विचारलं. अर्धा तास बोललो मी. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना.

आणि मग पुढची लढाई. राक्षसाचा भाऊ. मी फासा उचलला, म्हटलं, पहिली पाळी, तिप्पट. वकील म्हणते, अगदी हळू आवाजात म्हणते, 'काका, हरकत घ्यावीशी वाटत नाही, पण आज सगळ्यांचं लक्ष होतं तुमच्याकडे. मागच्या वेळी तुमचाच मुद्दा होता ना, टेबलावर जे खरं तेच गुहेत.' मी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. एकपट. भाऊ जिवंत राहिला, त्याची पाळी आली, आणि मी मेलो. कोणीच काही चुकीचं केलं नाही हो, हाच तर त्रास आहे. मी उठलो, म्हटलं, नियम म्हणजे नियम, भेटू दहा शनिवारांनी. 'हो ना,' म्हणाल्या बाई, 'तुम्हीच केलेला.'

आता तुम्ही विचाराल, मग आज इथे कसे? सांगतो ना. खोली उघडायची किल्ली माझ्याकडे, दुसरी खाली पहारेकऱ्याकडे, आणि तो कधी जागेवर असतो? म्हटलं, उघडून देऊ, खुर्च्या मांडू, तांब्या भरू आणि पाचच्या आत निघू. मांडल्या. तीनच मांडल्या. मग त्या खुंट्यांखालच्या स्टुलावर जरा टेकलो... आणि जिन्यावर पावलं. आले तिघंही, गप्पा मारत. मी उठणारच होतो, 'निघतोच आहे' असं म्हणणारच होतो, तेवढ्यात औषधवाल्याने बोलता बोलता जॅकेट काढलं आणि न बघता खुंटीकडे टाकलं. खुंटी चुकली. माझ्या गुडघ्यांवर पडलं. तो खुर्चीत बसलासुद्धा.

तरी मी उठलो असतो. खरंच उठलो असतो. पण बाईंनी फासे काढले आणि कोणी उचलेना. मग वकील म्हणाली, 'आज काकांशिवाय सुनंसुनं वाटतंय नाही?' औषधवाला म्हणाला, 'हो यार. चुकलंच आपलं. एक तिप्पट देऊन टाकायचा होता.' बाई म्हणाल्या, 'चांगला माणूस.' आता तुम्ही सांगा, अशा वेळी उठायचं कसं? आईनंतर पहिल्यांदा कोणाला तरी माझी उणीव भासत होती, आणि मी उभा राहिलो असतो तर ती तिथल्या तिथे भरून निघाली असती. मी श्वास रोखून बसलो. दोन तास. मांडीवर जॅकेट घेऊन. अधूनमधून नाव निघत होतं माझं, 'कवळीवाले असते तर मागून गेले असते बघ.' इतका मी या खोलीत कधीच नव्हतो.

सातला आवरलं, दिवा घालवला, दार ओढलं, खटकन कुलूप. मग मी उठून दिवा लावला आणि तुमच्याशी बोलत बसलो. आवाज द्यायला काय, दिला असता. पण काय म्हणून? ज्याची इतकी आठवण काढली तो दोन तास खुंटीखाली बसून ऐकत होता, हे कळल्यावर पुन्हा काढतील का कोणी आठवण? फोनही करू शकतो, खिशात आहे. बाईंना करू? वकील मुलीला? आणि आरंभ कसा करू, 'मी तुमच्या मागेच होतो' असा?

पण काळजी नको. या जॅकेटच्या खिशात काय आहे? वाजवून दाखवतो... औषधांच्या दुकानाच्या शटरच्या किल्ल्या. म्हणजे त्याला परत यावंच लागणार. माझ्यासाठी नाही, मान्य, पण दार तर तोच उघडणार. आणि विचार कर राक्षसा, तो आत येणार, त्याचं लक्ष खुंटीकडे, माझ्याकडे नाही. म्हणजे पहिली पाळी कोणाची? माझी. पान एकसष्ट. तिप्पट. मग म्हणेन, मघाशी जे बोललात ते सगळं ऐकलं, बरं वाटलं. किंवा सरळ म्हणेन, बसा ना पाच मिनिटं, घरी जाऊन मला काही काम नाही. किंवा म्हणेन, तो नियम मोडूया, मला दहा शनिवार घरी बसवत नाही. हे छान आहे. हेच म्हणतो. थांब... जिना वाजतोय. पहारेकऱ्याच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. तू गप्प बस आता, दात मिट.

...

गेला. ऐकलंस ना सगळं?

औषधवाल्याने कुलूप काढलं, दार ढकललं, खुंटीकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं. दचकला. म्हणतो, 'अरे, तुम्ही? कधी आलात?' पहिली पाळी माझी होती, सगळं पाठ होतं. मी जॅकेट पुढे केलं आणि म्हटलं, 'हा काय, आत्ताच.' तो म्हणाला, 'बरं झालं भेटलात, दार ओढून घ्या जाताना.' आणि गेला.

बाहेरून कुलूप होतं, त्याने स्वतःच्या हाताने उघडलं... आणि तुम्हाला सांगतो, त्याला ते 'आत्ताच' पटलं.