व्हॉल्व्ह कुणाकडे द्यायचा

सबहान : बघ, पोकलेनचा हात परत आला खाली. इंजिन बंद केलं तेव्हा बकेट माझ्या डोक्याच्या वर होतं. आता गुडघ्याशी आलंय.

धन्नून : दिसतंय मला.

सबहान : मग बघत काय बसलास? व्हॉल्व्ह काढू. दुपारच्या आत नेऊन नशअत मिस्त्रीच्या टेबलावर टाकतो, परवा पोकलेन चालू.

धन्नून : नशअतने करीमच्या पोकलेनचं काय केलंय ते काल बघून आलो मी.

सबहान : काय केलंय? हात वर ठेवला की वरच राहतो. रात्रभर राहतो.

धन्नून : राहतो. पण हलवायला गेलं की हिसका देतो. मी करीमला म्हटलं, लिव्हर अगदी हळू ओढ. हळूच ओढली बिचाऱ्याने, तरी हिसका बसलाच. नशअत आतला झिजलेला दांडा तसाच ठेवतो आणि बाहेरून एक अडसर बसवून देतो.

सबहान : अरे, आपण दगडमाती भरतो ट्रकमध्ये. दगडाला हिसका बसला तर तो काय रडणार आहे?

धन्नून : पुढचं घर कुणाचंय?

सबहान : माहितीये.

धन्नून : कुणाचं?

सबहान : उम्म रगद खालाचं.

धन्नून : आणि आत कोण आहे?

सबहान : सकाळी सकाळी नको ना, धन्नून.

धन्नून : तिचा नवरा आहे आणि पोरगी रगद आहे. लढाई संपून वर्ष होऊन गेलं, अजून त्या ढिगाऱ्याखालीच आहेत.

सबहान : म्हणून तर म्हणतोय, लवकर उरक! अर्बीलचा तुझा तो मिस्त्री, काक हिवा, आठ-दहा दिवस घेणार. त्यात अर्बीलच्या वाटेवर लष्कराच्या नाक्यावर तुझ्याच नावाचा कोणीतरी संशयितांच्या यादीत आहे, दर वेळी तुला बाजूला बसवतात. आणि पालिकेचा माणूस काय बोलला ते ऐकलंस की कान घरी ठेवून आला होतास? गुरुवारी मशीन बंद दिसलं तर ही गल्ली मोठ्या कंत्राटदाराला. त्याचे बुलडोझर येणार. ते खोदत नाहीत, ढकलतात. सगळं नेऊन नदीकाठी ओतणार. मग खालाला म्हणावं, शोध तिथे.

धन्नून : काक हिवा आतलं भोक घासून सरळ करतो आणि त्या मापाचा नवा दांडा घालतो. त्याने दुरुस्त केलेलं एक मशीन अंगणात उभं होतं, मला चालवायला दिलं. बकेटच्या दाताने मी जमिनीवरचा चहाचा पेला सरकवला. भरलेला. सांडला नाही.

सबहान : वा. आणि इथे गुरुवारी सगळंच सांडणार.

धन्नून : मागच्या आठवड्यात ढिगाऱ्यातल्या ज्या म्हाताऱ्यावर आपलं बकेट घसरलं, तो आठवतो?

सबहान : मीच उचलला ना त्याला.

धन्नून : किती वेळा?

सबहान : दोनदा. एका वेळी... दोनदा उचलावा लागला.

धन्नून : मग घरी जाऊन काय केलंस?

सबहान : जेवलो. काय करणार?

धन्नून : मीपण. भात वाढून घेतला परत. बायको म्हणाली, आज भूक बरी आहे. मला काही वाटलंच नाही रे. त्याचीच भीती वाटते मला.

(उम्म रगद हातात किटली घेऊन येते.)

उम्म रगद : काय रे पोरांनो, आज मशीनचा आवाज नाही? भांडलात की काय?

सबहान : ये खाला. भांडलो नाही, व्हॉल्व्ह गेलाय. हात हवेत थांबत नाही.

उम्म रगद : मग दुरुस्त करा.

सबहान : तेच चाललंय. इथे नशअतकडे दिला तर परवा तुझ्या घराला हात घालतो. हा म्हणतो, अर्बीलला द्यायचा. मग दहा दिवस बसा. तूच सांग याला.

उम्म रगद : दोघांत फरक काय?

सबहान : सांगितलं ना. एक लवकर देतो, एक उशिरा.

उम्म रगद : ते कळलं. हात कसा चालतो ते विचारतेय.

धन्नून : खाला, तू चहा ओत आधी.

उम्म रगद : बोल बाळा. मला आता काही होत नाही. पहिल्यांदा रडून घेतलं, मग आटलं. कोणी सांत्वनाला आलं तर मीच त्याला पाणी देते.

धन्नून : नशअतचा हिसका देतो. वरच्या दगडाला दिला तर काही नाही. पण खाली जे असेल, त्यालाही बसतो.

उम्म रगद : आणि अर्बीलचा?

धन्नून : तो हळू उचलतो.

उम्म रगद : रगदच्या बापाला मी रोज सांगायचे, तिला खांदा हलवून उठवू नकोस, दचकते ती. नुसती हाक मार. पण ऐकतोय कुठला.

सबहान : खाला...

उम्म रगद : अर्बीलला द्या.

सबहान : अगं पण गुरुवार! बुलडोझर आला तर काहीच हाती लागणार नाही. ना हळू, ना हिसक्याने. कळतंय का तुला?

उम्म रगद : कळतंय. चहा घे, निवतोय.

धन्नून : सबहान, व्हॉल्व्ह तू घेऊन जा. तुझं नाव अडत नाही नाक्यावर. काक हिवाला सांग, लोक थांबलेत.

सबहान : जातो. आत्ता निघतो. पिकअपची चावी दे. पण खाला, मी परत येईपर्यंत इथे काय होणार?

उम्म रगद : काय व्हायचंय? आता राहते तिथून खुर्ची आणते. दारात बसते.

सबहान : दार कुठे राहिलंय?

उम्म रगद : होतं तिथे.

धन्नून : गुरुवारी त्यांचा ड्रायव्हर खाली उतरेल. म्हणेल, बाजूला हो आजी, हे साफ करायचंय. पालिकेचा कागद दाखवेल.

उम्म रगद : दाखवू दे.

धन्नून : काय सांगशील त्याला?

उम्म रगद : सांगेन, घरात माणसं आहेत.