आभाळाचा तुकडा

छोटीच्या डब्याचं झाकण खणकन पडलं आणि काचेच्या दुकानातली शांतता मोडली. गल्ल्याशी उभं राहून काच कापायला शिकणाऱ्या काकू दचकल्या. हातातला कटर थबकला. मागे छोटीला कडेवर घेतलेली आई ओशाळली.

"घाबरलात, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"नाही तर काय! तीन तुकडे फुकट घालवले. नातीच्या खिडकीतल्या रंगीत काचेच्या चित्राचं आभाळ या शेवटच्या निळ्या तुकड्यातूनच निघायचंय."

"तुम्ही रेघ पुन्हापुन्हा गिरवता. काच एकदाच ऐकते."

"आमच्या घरात दहादा सांगावं लागतं हो!"

"इथे एकदाच." काकूंनी कटरने एकच रेघ ओढली. "आता दोन्ही हातांनी मोडा."

टक्.

"अगं बाई! रेघेवरच!"

काकूंनी तुकडा उन्हात धरला. छोटीच्या तळव्यावर निळा रंग पडला. श्वास रोखून तिने मूठ मिटली. रंग मुठीवर आला.

"आई, मी आत धरलाय, मग हा बाहेर कसा?"