शेवटचं पान

नाफा बुला : ...डोळे मिटलेस ना, झुम्रा? आता समज, हे कुराण म्हणजे आपल्या मशिदीमागचा डोंगर. तू चढत चढत आलीस. माथा समोरच आहे. दिसतोय?

झुम्रा : धुकं आहे, बुला.

नाफा बुला : तुझं धुकं काही हटत नाही बाई! अगं, या शेवटच्या छोट्या सुरा, हे एवढेसे अध्याय, तू दुधाचे दात पडायच्या आधी पाठ म्हणायचीस. धाकट्या बहिणीला, हसनियाला तूच शिकवल्यास. आणि आता वाचताना अडखळतेस? खोटं अडखळणं मला कळतं, पोरी.

झुम्रा : कळलं तर कळू दे. आईला नका सांगू.

नाफा बुला : का गं?

झुम्रा : हे पान संपलं की मकतबातलं शिकणं संपलं. मग तोंडावर पडदा आणि घर. आमची ताई बघा, कुराण पुरं झालं, हलवा वाटला, तेव्हापासून खिडकीच्या जाळीतूनच रस्ता बघते. मला तुमच्यासारखं बुला होऊन मुलींना शिकवायचंय.

नाफा बुला : माझ्यासारखं? बाळ, मी विधवा झाले म्हणून मला शिकवू दिलं.

रबिया : सलाम, बुला! झाला का लेकीचा धडा? शुक्रवारी हलवा करतेय.

नाफा बुला : रबिया, पान अजून कच्चं आहे. हिवाळाभर राहू दे तिला माझ्या हाताखाली.

रबिया : कच्चं तर कच्चं! त्राव्निक शहरातून बायका मुलगी बघायला येतायत. हिच्या बाबांनी शब्द दिलाय. पान होवो न होवो, उद्यापासून ही घरी. मी तर अर्ध्यातून उठले होते. माझं काही अडलं?

झुम्रा : अडलं ना, आई. रोज मलाच विचारतेस, पुढे काय लिहिलंय म्हणून.

रबिया : ...चल, उठ.

नाफा बुला : थांब, रबिया. एवढं पान होऊ दे. वाच, बाळ. तू तरी अर्ध्यातून उठू नकोस.

(झुम्रा वाचते. कुठेही अडखळत नाही.)

रबिया : या अल्ला... किती गोड वाचतेस गं!

नाफा बुला : आता रीत ठाऊक आहे ना? शेवट झाला की लगेच पहिलं पान उघडायचं, चार ओळी वाचायच्या. म्हणजे वाचन कधी संपत नाही. उलट पानं... अगं, मिटलंस का?

झुम्रा : हसनियाच्या जागेवर ठेवलं, बुला. तिला उद्या यायचंय.